पोवाड्याच्या वेषातला अभंग : ‘द मॉनिटर’ आणि एका युद्धाची उसनवारी

९ मार्च १८६२ या दिवशी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, हॅम्पटन रोड्स नावाच्या जलाशयात, लोखंडी चिलखत चढवलेली दोन जहाजे सुमारे चार तास एकमेकांवर तोफा डागत राहिली. एक उत्तरेच्या संघराज्याचे ‘मॉनिटर’, दुसरे फुटून निघालेल्या दक्षिणेचे ‘व्हर्जिनिया’. गोळे पत्र्यावर आपटून निसटत होते. कोणी बुडाले नाही, कोणी जिंकलेही नाही. पुढे मे महिन्यात ‘व्हर्जिनिया’ शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच खलाशांनी उडवून दिले. ‘मॉनिटर’ त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटरसजवळ वादळात बुडाले.

त्यानंतर बरोबर १४८ वर्षांनी, ९ मार्च २०१० रोजी, न्यू जर्सीतल्या ग्लेन रॉक या गावच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’ या पंक रॉक बँडने आपला दुसरा अल्बम प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘द मॉनिटर’. दहा गाणी, सुमारे पासष्ट मिनिटे. शेवटचे गाणे चौदा मिनिटांचे आणि त्याचे शीर्षकच ‘द बॅटल ऑफ हॅम्पटन रोड्स’. गीतकार-गायक पॅट्रिक स्टिकल्स. समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. एका तरुणाच्या वैफल्याला यादवी युद्धाची चौकट देणारी धाडसी कृती, असा सर्वसाधारण सूर होता. हे वर्णन खरे आहे; पण त्यातून एक प्रश्न उरतो. ती चौकट घेताना स्टिकल्सने युद्धातले काय घेतले आणि काय तिथेच सोडले?

हा प्रश्न हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरहून विचारायला एक कारण आहे. हॅम्पटन रोड्सची लढाई मुळात नाकेबंदीची होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली होती, आणि ती कोंडी फोडण्यासाठी ‘व्हर्जिनिया’ बाहेर पडले होते. त्या कोंडीत अडकला होता कापूस. दक्षिणेतल्या गुलामांच्या हातांनी वेचलेला तो कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत भाव असे चढले की माणसे समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी धावू लागली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला मुंबईच्या सट्ट्याचे दिवाळे वाजले. याच काळात, १८६२ मध्ये, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. त्या पदावरच्या रिव्हेट-कार्नॅकचे नाव जुन्या कागदपत्रांत पुनःपुन्हा भेटते. ‘हिंगणघाट’ हे तर परदेशी बाजारात गावाचे नाव नव्हतेच, कापसाच्या प्रतीचे नाव होते. तेव्हा ‘मॉनिटर’च्या तोफा इथे ऐकू आल्या नसल्या, तरी त्यांचा परिणाम आमच्या काळ्या मातीत पोचला होता. अल्बमचा विचार करताना हा संबंध विसरता येत नाही.

आता गाण्यांकडे वळतो. पंक म्हणजे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उभे राहिलेले, तीन-चार स्वरसंघांवर भागवणारे, वेगवान, रागीट संगीत. वाद्यावर हुकमत नसली तरी चालेल, म्हणण्यासारखे काही असले पाहिजे, ही त्याची घोषणा. एका सूत्रात गुंफलेला लांबलचक अल्बम ही पंकवाल्यांच्या थट्टेची वस्तू. तसले चोचले आधीच्या पिढीच्या श्रीमंत बँडांचे. म्हणून पंक बँडने तासाभराचा सूत्रबद्ध अल्बम करावा, त्यात चौदा मिनिटांचे गाणे ठेवावे, आणि तरीही आवाज घसा खरवडून निघालेलाच राहावा, ही मुळातच अंतर्विरोधी गोष्ट. स्टिकल्सला तो अंतर्विरोध माहीत आहे आणि तो त्याचा आनंदही घेतो.

पहिल्या गाण्याचे शीर्षक अमेरिकेच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतून उचललेले. सुरुवातीला लिंकनच्या १८३८ च्या भाषणाचा उतारा ऐकू येतो. त्याचा आशय असा, की या देशाचा नाश बाहेरचा कोणी येऊन करणार नाही. झालाच तर तो स्वतःच्या हातून होईल. मग गिटार सुटतात आणि एक तरुण न्यू जर्सी सोडून बॉस्टनकडे निघतो. पुढे दारू, एकटेपणा, मित्रांचे तुटणे, पुन्हा जुन्या गावची ओढ. लिंकनने १८४१ च्या एका पत्रात आपल्या निराशेविषयी लिहिले होते. आपल्याइतका दुःखी माणूस जगात दुसरा नसेल, असा त्या पत्राचा भाव. ते पत्रही अल्बममध्ये येते. व्हिटमन येतो. दोन छोट्या गाण्यांत, एक सुरुवातीला आणि एक शेवटाआधी, चहूकडे वैरीच आहेत असा पुकारा होतो. मधल्या काही जागा सैल आहेत. बॉस्टनच्या दारूगुत्त्यावरच्या जुन्या दूरदर्शन मालिकेचे नाव घेतलेले गाणे मला तरी ओढूनताणून जोडलेले वाटते. पण ‘फोर स्कोर अँड सेव्हन’ सावकाश सुरू होऊन शेवटी ज्या रीतीने फुटते, ते ऐकून पंकविषयी काही ठाऊक नसलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येईल.

पोवाडा ऐकत वाढलेल्या कानाला या गाण्यांचा सांगाडा ओळखीचा वाटतो. एक मुख्य आवाज कथा पुढे नेतो, मागचे सगळे मिळून एखादी ओळ उचलतात, ती घोळवतात, तिचा घोष करतात. शाहीर आणि झीलकरी. फरक असा की पोवाड्यात झील शाहिराच्या पाठीशी उभी असते, तो थकला तर त्याला श्वास घ्यायला जागा करून देते. ‘द मॉनिटर’मधल्या तिसऱ्या गाण्याच्या अखेरीस समूहाचा आवाज गायकालाच, तू हरलेला आहेस आणि हरलेलाच राहशील, असे पुनःपुन्हा सुनावतो. झीलकऱ्यांनी शाहिराला हिणवावे, हे आपल्याकडे घडत नाही. ते ऐकताना लक्षात येते की इथे वैरी समोरच्या छावणीत नाही, तो डफ धरणाऱ्याच्याच छातीत आहे.

म्हणूनच या अल्बमला पोवाड्याची मापे लावली तर ती चुकतात. त्यात युद्ध सांगितलेलेच नाही. कोण चालून आले, कोणी फळी धरली, किती पडले, काहीच नाही. पोवाड्यात नावे लागतात, गावे लागतात, सरदारांची पथके लागतात. अफझलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा पोवाडा किंवा सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा घ्या. ऐकणाऱ्याला प्रसंगाच्या जागी नेऊन उभे करणे हे शाहिराचे पहिले काम. ‘द मॉनिटर’ ते काम करत नाही. त्याची जात वेगळी आहे, आणि त्या जातीलाही मराठीत जुना आधार आहे. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात रोजचे जगणे हेच युद्ध ठरते. एक आघाडी बाहेरच्या जगाशी आणि दुसरी मनाशी. संतांचे षड्रिपू हेही आतलेच शत्रू. स्टिकल्सचा अल्बम म्हणजे पोवाड्याच्या वेषातला अभंग आहे. अंगावर शिरपेच आणि तलवार, आत मनाशी चाललेले भांडण.

यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. लिंकनचे १८३८ चे भाषण आणि १८४१ चे पत्र शेजारी ठेवण्यात स्टिकल्सची खरी बुद्धी दिसते. दुभंगलेला देश आणि दुभंगलेले मन ही उपमा त्याने हवेतून आणलेली नाही. ती त्याला एकाच माणसाच्या चरित्रात सापडली आहे. ज्या माणसाने देश फुटू दिला नाही, तो स्वतः आतून फुटण्याच्या बेतात होता. इतिहासातला हा धागा पकडून त्यावर पासष्ट मिनिटे तोलून धरणे सोपे नाही.

पण तुकोबांनी आपल्या युद्धाला नाव दिले नव्हते, तारीखही दिली नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी हिशेब मागू शकत नाही. स्टिकल्सने नाव घेतले, जहाज घेतले, प्रकाशनासाठी लढाईची तारीखसुद्धा घेतली. मग त्या युद्धाच्या कारणाचाही हिशेब लागतो, आणि इथे अल्बम हात आखडता घेतो.

एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्या गाण्याच्या अखेरीस विल्यम लॉइड गॅरिसनचे शब्द वाचले जातात. गॅरिसन हा गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचलेला पत्रकार. १ जानेवारी १८३१ रोजी त्याने बॉस्टनमध्ये ‘लिबरेटर’ हे पत्र सुरू केले आणि पहिल्याच अंकात जाहीर केले की या विषयावर मी सौम्यपणे बोलणार नाही, माघार घेणार नाही, माझे ऐकावेच लागेल. पंकचा जाहीरनामा म्हणून हे शब्द अंगात वीज सोडतात. पण गॅरिसनचा ‘हा विषय’ म्हणजे माणसांची खरेदी-विक्री. अल्बममध्ये त्या शब्दांच्या मागे न्यू जर्सीचा महामार्ग आहे आणि पुढे वैऱ्यांविषयीचा पुकारा. विषय गळून पडला, फक्त त्वेष उरला. गंमत अशी की गाण्यातला तरुण ज्या बॉस्टनला जातो, तेच गॅरिसनचे शहर. दोघे एकाच रस्त्यावरून चालतात, तरी त्यांची भेट होत नाही.

शेवटच्या गाण्यात ही अडचण आणखी वाढते. चौदा मिनिटांच्या त्या गाण्यात निवेदक स्वतःला सोलून काढतो, आपल्या भ्याडपणाची यादी देतो, आणि शेवटी आपल्या वैऱ्यालाच विनवतो की तू जाऊ नकोस; तू गेलास तर मी कोण उरणार? मग बॅगपाइप वाजू लागतात आणि शब्द संपतात. एका निराश माणसाचे चित्र म्हणून याहून प्रामाणिक शेवट सुचणे कठीण. आजाराशी वर्षानुवर्षे झगडलेल्याला आजाराचाच लळा लागतो, ही गोष्ट गाण्यात इतक्या उघडपणे क्वचितच आली असेल. मात्र रूपक दोन्ही बाजूंनी चालते. ते उलटे फिरवून इतिहासाला लावा: उत्तर आणि दक्षिण हे एकमेकांशिवाय अपुरे दोन भाऊ, दोघे तितकेच शूर, दोघे तितकेच चुकलेले, कोणी जिंकले नाही. ही अमेरिकेतली फार जुनी समेटाची कथा आहे. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक त्या रणांगणावर जमले आणि त्यांनी हात मिळवले. त्या हस्तांदोलनात ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध झाले, ते कृष्णवर्णीय जवळजवळ कुठेच नव्हते. स्टिकल्सला स्फूर्ती देणारी केन बर्न्स यांची १९९० ची दूरदर्शन मालिका गुलामगिरीला कारण म्हणून नाकारत नाही, पण तिचाही जीव भावाभावांच्या ताटातुटीत अधिक रमतो. काही इतिहासकारांनी त्याबद्दल तिला जाब विचारला आहे. अल्बमने मालिकेकडून धग घेतली, तशी ही खोडही घेतली.

आपणही या बाबतीत फार शहाणे नाही. सिव्हिल वॉरला मराठीत रूढ झालेला शब्द आहे ‘यादवी’. प्रभासक्षेत्री मद्य पिऊन एकमेकांवर तुटून पडलेले यादव. या शब्दात दोष सगळ्यांचा सारखा असतो, कारण क्षुल्लक असते आणि अंत कुळाचा असतो. शाळेच्या पुस्तकात ‘अमेरिकन यादवी युद्ध’ वाचणाऱ्या मुलाच्या मनात तेच चित्र उमटत असणार.

पण त्याच युद्धाकडे त्याच काळात पुण्यातल्या एका माणसाने वेगळ्या नजरेने पाहिले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि तिची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना उद्देशून लिहिली. फुल्यांना त्या युद्धात भावाभावांचे भांडण दिसले नाही, साखळी तुटताना दिसली, आणि त्यांनी लगेच आपल्याकडच्या साखळीकडे बोट दाखवले. उपमा त्यांनीही केली, युद्ध त्यांनीही उसने घेतले. पण ज्या मुद्द्यासाठी ते लढले गेले तो मुद्दा हातातून सुटू दिला नाही. त्याआधी चार वर्षे, १८६९ मध्ये, त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता. त्यातही इतिहासाचा नायक कोणाचा, हाच वाद त्यांनी मांडला आणि राजाला कुळवाड्यांच्या बाजूला आणून उभे केले.

दुसरे उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ हा माझ्या माहितीत मराठीतला दूरच्या युद्धावरचा सर्वांत थेट पोवाडा. ऑगस्ट १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ इतका काळ व्होल्गाकाठच्या त्या शहरासाठी झुंज चालली. वाटेगावहून पोटासाठी मुंबईत आलेल्या, शाळा जवळपास न पाहिलेल्या अण्णा भाऊंनी ते शहर पाहिले नव्हते. रशियाचा प्रवास त्यांना पुढे १९६१ मध्ये घडला. ऐकणारे होते मुंबईचे गिरणी कामगार. त्यांच्यापुढे अण्णा भाऊंनी एका शहराच्या, त्यातल्या माणसांच्या झुंजीला नायकपद दिले. स्टिकल्सइतकेच तेही युद्धापासून दूर होते. मात्र त्यांच्याकडे युद्ध मनाच्या आत न येता चाळीत आणि कारखान्याच्या दारात येते, आणि ऐकणाऱ्याला विचारते की तू कोणत्या बाजूला आहेस.

याचा अर्थ अण्णा भाऊंचे सगळे जमले आणि स्टिकल्सचे बिघडले, असा काढणे मला मान्य नाही. पोवाड्याला शंकेची ॲलर्जी आहे. ज्याच्या नावाचे ते शहर होते, त्या स्टालिनच्या राज्यात स्वतःच्याच माणसांवर काय गुजरत होते, याला पोवाड्यात वाव नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये देश ‘चले जाव’ म्हणत असताना कम्युनिस्ट पक्षाने घेतलेली वेगळी भूमिका, तिची आतली तगमग, हेही डफाच्या तालात बसणारे नव्हते. शाहिराने छातीवर हात ठेवून, मी भ्यालो होतो, असे म्हणावे हे त्या परंपरेत घडत नाही. स्टिकल्स नेमके तेच म्हणतो, आणि तासभर म्हणतो. आपल्या आजच्या पोवाड्यांकडे, विशेषतः निवडणुकीच्या सभांत ध्वनिक्षेपकावर वाजणाऱ्या तयार मालाकडे पाहिले, तर या एका बाबतीत न्यू जर्सीच्या या बँडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे गनीम नेहमी दुसराच असतो.

तरीही माझी तक्रार कायम राहते, आणि ती लढाईच्या जागेशीच येऊन थांबते. हॅम्पटन रोड्सच्या काठावर फोर्ट मन्रो हा उत्तरेच्या ताब्यातला किल्ला आहे. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम रात्री होडीतून पळून तिथे आले. सेनापती बटलरने त्यांना मालकाकडे परत पाठवण्यास नकार दिला. शत्रूच्या कामी येणारी मालमत्ता जप्त करता येते, हा कायद्याचा आधार त्याने घेतला. माणसांना मालमत्ता म्हणूनच मुक्त ठेवण्याची ही विचित्र युक्ती, पण तिच्या आसऱ्याने पुढे हजारो लोक त्या किल्ल्याकडे आले. दहा महिन्यांनी जहाजांची लढाई झाली ती या माणसांच्या डोळ्यांदेखत. ‘मॉनिटर’च्या डेकवरही ही कथा पोचली होती. मे १८६२ मध्ये जेम्स नदीत जहाज उभे असताना सिया कार्टर नावाचा तरुण शर्ली मळ्यातून पळून होडीने त्याच्यापाशी आला. त्याला वर घेतले गेले, आरमारात भरती केले गेले, आणि वर्षाअखेरीस जहाज बुडाले तेव्हा वाचलेल्यांत तो होता.

ज्या जहाजाच्या नावाने अल्बम ओळखला जातो, त्याच जहाजावर एक माणूस गुलाम म्हणून चढला आणि खलाशी झाला. वैऱ्यापासून सुटका झाली तर मी कोण उरणार, हा शेवटच्या गाण्यातला प्रश्न खरे तर त्याला विचारायला हवा होता. त्याचे उत्तर न्यू जर्सीच्या तरुणापेक्षा वेगळे निघाले असते. चौदा मिनिटांच्या गाण्यात त्याच्यासाठी एका कडव्यापुरती जागा निघाली असती, आणि बॅगपाइप त्यानंतरही वाजलेच असते.